पाष्टेचा पहिला सीझन

मस्कतमध्ये कुणी ना कुणी मला अजून विचारतं, "शिर्के, तुमचा तो पाष्टे कुठे गेला हो? तो सिक्सरवाला?" मी सांगतो, "टर्फवर जमलं नाही त्याला. आता दुक्मला असतो." समोरचा मान हलवतो आणि विषय संपतो. यंदा गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या आरतीनंतर हे उत्तर मी पुन्हा एकदा दिलं. परतताना गाडीत बायको म्हणाली, "किती सहज सांगतोस रे तू ते." तिला सगळं ठाऊक आहे.

टर्फवर जमलं नाही, हे खरं आहे. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे.

आमची कंपनी फळं आणि भाजीपाला आयात करते. मी खरेदी बघतो. भाजी मार्केट आता मस्कतबाहेर बर्क्याकडे गेलं, पण मी सांगतोय तेव्हा ते अजून मवालेहलाच होतं. अर्बाबला, म्हणजे आमच्या ओमानी मालकाला, क्रिकेटचं वेड, म्हणून कंपनीच्या दोन टीम आणि दोन्हींचा मॅनेजर मी. मॅनेजर म्हणजे फॉर्म भरणारा, पाण्याचे क्रेट उचलणारा आणि हरल्यावर अर्बाबचा फोन घेणारा. ए टीम वरच्या डिव्हिजनमध्ये, आमेरातच्या हिरव्या टर्फवर खेळते. बी टीम खडीच्या मैदानावर, सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर. इथे खेळाडूला कंपनीचा व्हिसा लागतो, त्यामुळे कागदावर तो कुणीतरी असतो: स्टोअरकीपर, सेल्समन, ड्रायव्हर. रन होत असले की त्याची हजेरी कुणी बघत नाही. रन आटले की फोरमनला एकदम आठवतं, अरे, हा तर स्टोअरकीपर आहे.

ए टीमचा कॅप्टन तारिकभाई, सियालकोटचा, विक्री विभागातला जुना माणूस. टीममधले बहुतेक त्यानेच शोधलेले. मंडळात मला टोमणे बसायचे, "मॅनेजर तुम्ही, आणि टीममध्ये आपला एक पोरगा नाही?" मी हसून सोडून द्यायचो. पण ते सुटत नव्हतं.

प्रथमेश पाष्टे मला सापडला तो गुहागरजवळच्या एका गावात. मेव्हण्याकडे सुट्टीला गेलो होतो. कापणी झालेल्या शेतात टेनिस बॉलची स्पर्धा चालू होती. हा उंच, काटकुळा, तेवीस वर्षांचा मुलगा आला की माईकवाल्याचा आवाज चढायचा. त्याने मारलेले चार चेंडू शेजारच्या काजूच्या बागेत गेले, पाचवा शोधायलाही कुणी उठलं नाही. मुंबईत दोन वर्षं एका क्लबकडून लेदर बॉलनेही खेळला होता, असं कळलं. मी तिथेच बांधावर उभं राहून अर्बाबला फोन लावला आणि म्हणालो, "अर्बाब, हीरा मिला है." माझ्या तोंडून असली वाक्यं एरवी येत नाहीत.

सप्टेंबरात तो मस्कतला आला. तिसऱ्या दिवशी पाकिस्तानी मुलांनी त्याच्या आडनावाचा 'पास्ता' केला आणि त्याने तो आनंदाने घेतला. हा मुलगा एका जागी बसलेला मी क्वचितच पाहिला. जेवताना गुडघा हलत असायचा, फोनवर आईशी बोलताना तो कोल्ड स्टोअरला तीन फेऱ्या मारून यायचा. हातात लांबट काही आलं की त्याची बॅट व्हायची. पॅलेटची फळी, झाडू, दुधी भोपळा, काहीही. आमचा मल्याळी फोरमन जोसेफ दिवसातून दहादा ओरडायचा, "ए पास्ता! वो लौकी बेचने का है!" हा दुधी पुसून पेटीत ठेवायचा आणि पुढची पेटी उचलताना तेवढ्यात एक कव्हर ड्राइव्ह मारून घ्यायचा.

त्याचं एक पालुपद होतं, "पुढचा बॉल बगू." जोसेफने झापलं, पुढचा बॉल बगू. बस चुकली, पुढचा बॉल बगू. धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, तेव्हासुद्धा आईला फोनवर हेच सांगताना मी ऐकलं.

पहिल्या मॅचला मंडळातले पंचवीसएक लोक आले होते, चहाचे थर्मास घेऊन. तिसऱ्याच चेंडूवर त्याची मधली दांडी उडाली. टेनिस बॉल उसळून वर येतो, त्याची वाट बघून पाय बाजूला काढून मारायचा. लेदर बॉल टर्फवर शेवटच्या क्षणी आत घुसतो. त्याचा पाय बाजूला गेलेला होता आणि बॅट अजून खांद्यावरच. थर्मासची झाकणं परत लावल्याचे आवाज मला अजून आठवतात.

मला वाटलं पोरगं खचलं असेल. दुसऱ्या दिवशी, शनिवारी पहाटे मार्केटमध्ये पोचलो तर कांद्याच्या पोत्यांमागे गर्दी आणि हशा. आत पाष्टे. तीन दुधी उभे करून त्याने स्टंप केलेले, वर गवारीच्या दोन शेंगा म्हणजे बेल्स. आधी तो बोलर होऊन धावत आला, मग पळत पलीकडे जाऊन स्वतः झाला, डोळे मिटून प्रचंड बॅट फिरवली, आणि मग स्टंप होऊन आडवा पडला. पडल्या पडल्या एक डोळा उघडून म्हणाला, "अंपायर, नो बॉल था क्या?" बंगाली हमाल टाळ्या पिटत होते, जोसेफ पोट धरून हसत होता.

"एक बार और, पास्ताभाई, एक बार और!"

दुसऱ्या मॅचला पहिल्याच चेंडूवर साइट स्क्रीनवरून सिक्स आणि दुसऱ्या चेंडूवर मिड-ऑफला झेल. तिसऱ्या मॅचला रन आउट. प्रत्येक शनिवारी नवा प्रयोग. बंगाली हमाल आता शुक्रवारी संध्याकाळीच विचारायचे, "कैसे गया?" म्हणजे दुसऱ्या दिवशी काय बघायला मिळणार ते.

मग सल्ल्यांचा मोसम सुरू झाला. मस्कतमधल्या प्रत्येक भारतीय आणि पाकिस्तानी माणसाला बॅटिंग येते. तारिकभाई म्हणाला, "बेटा, बैट नीचे रख, बस." मंडळाचे खजिनदार म्हणाले, "डोकं स्थिर. डोकं स्थिर ठेव, बाकी आपोआप होतं." रुवीतल्या न्हाव्याने दाढी करताना त्याला ग्रिप दाखवली, वस्तरा हातात घेऊन. मी स्वतः, ज्याने कॉलेजच्या टीममध्ये बारावा गडी म्हणून दोन वर्षं काढली, त्याला सांगितलं की स्टान्स बंद कर. माझी मुलगी तेरा वर्षांची, तिचं मराठी अडखळतं, तीसुद्धा एकदा म्हणाली, "प्रथमेशदादा, तू फर्स्ट बॉल... म्हणजे, लीव्ह का नाही करत?"

तो गंभीरपणे म्हणाला, "करतो."

खरी अडचण ती होती. तो सगळ्यांचं ऐकायचा. मोठ्या माणसांना नाही म्हणायचं त्याला ठाऊकच नव्हतं. नोव्हेंबरमधल्या एका इनिंगमध्ये मी मोजलं, आठ चेंडूंत तो चार वेगवेगळ्या पद्धतींनी उभा राहिला. दोन माझ्या होत्या. नवव्या चेंडूला स्लिपमध्ये झेल.

डिसेंबरात शनिवारचे प्रयोग थांबले. एका हमालाने विचारलं, "पास्ताभाई, आज नहीं दिखाओगे?" पाष्टे पेट्या उतरवत होता, वर न बघता म्हणाला, "क्या दिखाऊँ? रोज वही सिनेमा है."

त्याच महिन्यात एका शनिवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला होता. बायकोने सुरमई तळली होती. एरवी तो काकूंना स्वयंपाकघरातून हाकलून स्वतः तवा धरायचा, त्या दिवशी धरला नाही. जेवण झाल्यावर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये जायचा लीगचा फॉर्म. ठळक अक्षरांत सगळं भरलेलं. कॅप्टनची सही आणि मॅनेजरची सही, एवढ्या दोनच जागा रिकाम्या.

"काका, मला बी टीममध्ये टाका."

मला आधी कळलंच नाही. "खाली? तू स्वतःहून?"

"चार-सहा मॅच. मॅटवर बॉल सरळ येतो. हात मोकळा झाला की परत बोलवा. महिनाअखेरीपर्यंत द्यायचा हाय कागद, मग या सीझनला होत नाय."

"घाबरलास की काय?"

"घाबरलो नाय वो." त्याने कागदाची घडी बोटाने सरळ केली. "मला ठाव हाय काय होतंय ते. बॉल सुटतो ना, तेव्हा मी बॉल बगतच नाय. पाय कुठं ठेवायचा त्याचा इचार करत असतो. असंच चाललं तर हे डोस्क्यात बसंल, मग निघायचं नाय."

आयुष्यात मी ऐकलेल्या समंजस बोलण्यांपैकी ते एक होतं. बाहेरून कुणी न सांगता एका तेवीस वर्षांच्या मुलाने आपलं दुखणं आणि औषध दोन्ही शोधलं होतं. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होतो. अर्बाबला मी हिरा सांगितला होता. जानेवारीत त्याची मॅच बघायला मंडळाची बस आमेरातला यायची होती, बॅनरसुद्धा छापून झाला होता. आणि तारिकभाई हसला असता. खरं तर तो हसला नसता, तो तसा माणूसच नाही, पण मला वाटलं हसेल. माझा माणूस खाली गेला असता.

मी म्हणालो, "तारिकभाईंशी बोलतो मी."

कागद गाडीच्या ड्रॉवरमध्ये टाकला. तारिकभाईशी बोललो नाही. तीन दिवसांनी पाष्टेने मार्केटमध्ये विचारलं, "काय म्हनले?" आणि मी म्हणालो, "नाही म्हणाले. त्यांना वाटतं, तू इथेच शिकशील."

किती सोपं होतं ते. टोमॅटोचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं.

"बरं," तो म्हणाला आणि पेटी उचलली.

जानेवारीत मंडळाची बस आली त्या दिवशी त्याने एकेचाळीस रन केले. दोन चेंडू झाडांपलीकडे गेले. लोक नाचले, बॅनर फडकवला, खजिनदारांनी मला मिठी मारली. मी पाष्टेला म्हणालो, "बघितलंस? खाली जायला निघाला होतास." घामाने निथळत तो म्हणाला, "आज बॉलिंग लूज होती काका." मला वाटलं, विनय आहे. तो नुसतं खरं सांगत होता. कागद द्यायची मुदत तोपर्यंत उलटून गेली होती.

पुढच्या चार मॅचमध्ये मिळून दहा रनसुद्धा झाले नाहीत. तो नेट्समध्ये उजेड जाईपर्यंत खेळायचा, तळहातांना फोड आले की टेप लावून पुन्हा. जोसेफने त्याला पहाटे चारच्या गाड्यांवर घातलं. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी मी रोज बघत होतो. त्याने तारिकभाईशी बोलणं बंद केलं. आधी तो मॅचनंतर तारिकभाईच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसायचा, दोघं सियालकोटच्या बॅटींच्या गप्पा मारायचे. आता तो मागे बसायचा, खिडकीबाहेर बघत. तारिकभाईने काही विचारलं तर "जी", एवढंच.

तारिकभाईने मला एकदा बाजूला घेतलं. "शिर्केसाब, लड़का मुझसे ख़फ़ा क्यों है? मैंने तो कुछ कहा नहीं."

मी म्हणालो, "रन नहीं हो रहे, इसलिए."

शेवटच्या मॅचला तो क्रीझवर गेला आणि अंपायरकडे गार्ड मागितला. लेग स्टंप. मग पुसून मिडल. मग पुन्हा लेग. अंपायर म्हणाला, "भाई, खेलना है कि नापना है?" फील्डर हसले. पहिल्याच चेंडूवर पायचीत. परत येऊन तो बाकावर बसला, पॅड न सोडता, आणि मॅच संपेपर्यंत तसाच बसून राहिला. गुडघासुद्धा हलत नव्हता. मी पाण्याची बाटली दिली, ती त्याने घेतली आणि शेजारी ठेवली.

मार्चमध्ये अर्बाबने खेळाडूंची यादी पुढे ओढली. "शिर्के, तेरा वो सिक्सरवाला. ख़लास?"

त्या क्षणी मी सांगू शकलो असतो, त्याला पुढच्या सीझनला बी टीममध्ये खेळू द्या, तो स्वतः मागत होता. मग का नाही पाठवला, हा प्रश्न आला असता. मी म्हणालो, "अर्बाब, दुक्म में आदमी चाहिए. सप्लाय के लिए."

दुक्म म्हणजे मस्कतपासून साडेपाचशे किलोमीटर. रिफायनरी, बंदर, कामगारांचे कॅम्प आणि वारा. आमची शाखा त्या कॅम्पांना भाजी पुरवते. तिथे लीग नाही, टर्फ नाही. पाष्टेला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जातो. काम तर हाय." काकूंच्या पाया पडला, माझ्या मुलीला एक जुना चेंडू दिला आणि बसने गेला.

उन्हाळ्यात तारिकभाई नव्या सीझनच्या याद्या घेऊन बसला होता. पाष्टेच्या नावावर पेन थांबवून म्हणाला, "इसको बीच में बी टीम में डाल देते तो बच जाता. मैं सोचता रहा, पर आपका लड़का था. आपसे कैसे कहता?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. शेवटी म्हणाला, "मुझे क्यों बता रहे हैं? उसको बताइये. और कहिये, बी टीम में जगह है. मवालेह नहीं तो बर्का, काम भी मिल जाएगा."

हे जूनमधलं. मी गेलो नाही. जुलै, ऑगस्ट, कामं होती. गणपतीनंतर गाडीत बायको ते वाक्य बोलली आणि मग मात्र मला घरात, ऑफिसात, कुठेच धड बसवेना. मागच्या आठवड्यात मालाची तपासणी काढली आणि पहाटे दुक्मला निघालो.

कोल्ड स्टोअरच्या मागे ट्रक उतरत होते. पाष्टेने दाढी ठेवली होती, खांदे भरले होते. तिथे त्याला पास्ता कुणी म्हणत नव्हतं, पाष्टेभाई म्हणत होते. मला बघून तो हसला, "काका! फोन तरी करायचा." काकूंची चौकशी केली, चहा मागवला. वाऱ्याने कागदी कप उडाला, तो त्याने पायाने अडवला.

मी सगळं सांगितलं. फॉर्म, गाडीचा ड्रॉवर, तारिकभाईंना मी कधी विचारलंच नव्हतं हे. बोलताना मी कांद्याच्या पोत्यांकडे बघत होतो. मला वाटत होतं, तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजे तारिकभाईंना कायच ठाव नव्हतं?"

"नाही."

"त्यांनी नाय म्हनलंच नव्हतं?"

"नाही रे."

तो ट्रककडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "मी त्यांना ईदला फोनपन नाय केला काका. दोन्ही ईदना."

मी मान खाली घातली. स्वतःचा गेलेला सीझन, ती एकेका चेंडूची शिक्षा, पहाटेच्या गाड्या, ते सगळं त्याच्याकडे होतं मला सुनवायला. त्याला आठवलं ते हे.

मी घाईघाईने म्हणालो, "बी टीममध्ये जागा आहे. या सीझनला. मॅटवर, तुला हवं होतं तसं. यादी पुढच्या आठवड्यात जायची आहे. तारिकभाई स्वतः म्हणाले."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. एखादी पेटी उतरवून घ्यायच्या आधी आतला माल बघावा तसं.

"ते म्हनले? का तुमी म्हनताव?"

मी काही उत्तर द्यायच्या आत त्याने फोन काढला. नंबर अजून होता त्याच्याकडे.

"हॅलो. सलाम, तारिकभाई. प्रथमेश बोल रहा हूँ... पाष्टे. हां. हां, वही." आणि तो बोलत बोलत ट्रकांच्या रांगेच्या कडेने चालू लागला. वाऱ्यात पुढचं काही ऐकू येईना. एका ट्रकच्या टोकापर्यंत जाऊन वळला, पुन्हा आला, पुन्हा गेला. एकदा त्याने मान खाली घालून कपाळाला हात लावला आणि बराच वेळ तसाच चालत राहिला. मग पलीकडून काहीतरी बोललं गेलं असावं, कारण तो हसला. ते हसू मला दिसलं, कशावर होतं ते कळलं नाही.

मी दोन पावलं पुढे झालो. काय ठरतंय ते मला ऐकायचं होतं, शक्य असतं तर फोन घेऊन दोन शब्द बोलायचेही होते. त्याने तळहात उभा धरून मला थांबवलं, मागे येणाऱ्या ट्रकला थांबवतात तसं. फोनवर हात ठेवून म्हणाला, "काका, उजेड हाय तोवर निघा. महूतच्या रस्त्याला उंट असतात."

मी उभाच होतो. त्याने पाठ फिरवली आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"नहीं, तारिकभाई, कोई नहीं. आप बोलिये."